वाघाच्या पट्ट्यांची गोम

म्हैसूरला गेलेली मराठी गृहिणी सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. राजवाडा पाहून होतो, प्राणिसंग्रहालयात मुलांची पायपीट होते आणि मग पावले आपोआप सय्याजीराव रोडकडे वळतात. दुकानदार म्हैसूर सिल्कची घडी मोडतो, पदर पसरतो आणि म्हणतो, ''जरी बघा, अम्मा!'' हा शब्द तिला घरचाच वाटतो. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या जुन्या कौलारू घराच्या न्हाणीघरातून ''जरी! जरी!'' अशी किंकाळी आली, तर ती साडीबद्दल नसते. कानडीत गोमेलाही 'जरी'च म्हणतात.

मग काय होते ते सांगायला नको. मुले खाटेवर चढतात, कोणी केरसुणी आणते, कोणी मीठ आणते आणि शेवटी पायातली चप्पल आपले काम करते. गंमत अशी, की याच म्हैसुरात घरात साप निघाला तर लोक काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला बोलावतात. 'स्नेक श्याम' या नावाने गावभर ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांनी हजारो साप घराघरांतून उचलून रानात सोडले आणि लोकांची सवय बदलली. गोमेच्या वाट्याला असा कोणी 'श्याम' आलेला नाही.

आणि तिकडे जपान, जर्मनी, अमेरिकेत काही शौकीन मंडळी दक्षिण भारतातली एक गोम आपल्या संग्रही असावी म्हणून चांगली घसघशीत किंमत मोजायला तयार असतात! आपण जिला चपलेने मारतो, तिच्यात त्यांना एवढे काय दिसते?

शत्रूच्या नावाचा शिक्का

दिसते ते तिचे रूप. वीतभर लांब, चपटे, चकचकीत अंग. त्यावर शेंदरी आणि काळे असे आडवे पट्टे. इंग्रजीत हिला भारतीय 'टायगर' गोमच म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचे माहेर. शास्त्रीय नाव 'स्कोलोपेंड्रा हार्डविकी'. हे नाव १८४४ मध्ये जॉर्ज न्यूपोर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. ज्याच्यावरून ते दिले, त्या हार्डविकची कथा थेट म्हैसूरच्या वेशीशी येऊन भिडते.

म्हैसूरपासून पंधराएक किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. तिथल्या दर्या दौलत बागेतील महालाच्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भलेमोठे चित्र आहे. हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेची त्या दिवशी दाणादाण उडवली. पालखीत बसलेला जखमी बेली पर्यटकांना वाटाडे हमखास दाखवतात. या पराभवानंतर मद्रासच्या मदतीला बंगालमधून कर्नल पीअर्स याच्या हाताखाली फौज धाडण्यात आली. तिच्यात तोफखान्यातला एक तरुण अधिकारी होता, थॉमस हार्डविक.

हा हार्डविक लढाया लढला, बढत्या मिळवत मेजर जनरल झाला, पण त्याचे खरे मन रमले ते प्राण्यांमध्ये. जिथे छावणी पडेल तिथले पशुपक्षी, साप, मासे, किडेमकोडे तो जमवी आणि हिंदी चितारी पगारावर ठेवून त्यांची चित्रे काढवून घेई. अशी साडेचार हजारांच्या आसपास चित्रे त्याच्यापाशी साठली. १८३५ मध्ये तो वारला, तेव्हा हा सारा ठेवा ब्रिटिश म्युझियमला मिळाला. त्या चित्रांखाली बहुतेक ठिकाणी चिताऱ्याचे नाव नाही. कागदावर खवला न् खवला, मिशी न् मिशी उतरवणारे ते हात कोणाचे होते, हे आज सांगता येत नाही. प्राण्यांना मात्र साहेबाचे नाव चिकटले.

टिपूला वाघाचे किती वेड होते, हे सर्वांना ठाऊक आहे. सिंहासनावर वाघ, शिपायांच्या गणवेशावर वाघाचे पट्टे, आणि गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलेला तो लाकडी वाघ तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आजही पाहायला मिळतो. नेमके तेच पट्टे अंगावर मिरवणारी दक्षिणेतली गोम टिपूविरुद्ध लढलेल्या इंग्रजाच्या नावाने जगभर ओळखली जावी, याला योगायोगच म्हणायचे.

पाय शंभर नाहीत

'शतपदी' हे नाव फसवे आहे. या मोठ्या जातीच्या गोमांना साधारणपणे पायांच्या एकवीस जोड्या असतात, म्हणजे बेचाळीस पाय. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या जवळजवळ नेहमी विषम संख्येत असतात, त्यामुळे बरोबर शंभर पायांची गोम सापडणे अवघडच. एका पायाने ती लंगडी होत नाही ही आपली म्हण मात्र शास्त्रालाही मान्य व्हावी. तुटलेला पाय पुढच्या काती टाकण्यांमध्ये हळूहळू पुन्हा फुटतो.

तिच्या दंशाबद्दलही गैरसमज आहे. ती तोंडाने चावत नाही आणि शेपटीने नांगी मारत नाही. डोक्यामागच्या पायांची पहिली जोडी हीच विषाची नखे बनलेली असते. झुरळे, कोळी, पाली, उंदराची पिल्ले असे जे आवाक्यात येईल ते ती या नखांत पकडते. दक्षिण अमेरिकेतली 'जायगँटिया' ही फूटभर वाढणारी जात तर व्हेनेझुएलातील गुहेत छताला लटकून वटवाघळे पकडताना शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. २०१६ मध्ये आग्नेय आशियातून पाण्यात पोहणारी गोमही नोंदली गेली. हे वाचून वाचकांची झोप उडू नये. ती आपल्याकडे नाही.

आपल्या पूर्वजांनी या प्राण्याकडे चांगलेच निरखून पाहिलेले दिसते. अमरकोशात 'शतपदी'बरोबर 'कर्णजलौका', म्हणजे कानातली जळू, असे नाव येते. कानात घोण शिरण्याची भीती इतकी जुनी आहे! सुश्रुतसंहितेत शतपदीचे आठ प्रकार रंगरूपावरून सांगितले आहेत. त्यांत एक 'चित्रा' आहे आणि एक 'अग्निप्रभा'. म्हैसूरच्या पट्टेदार जरीला यातले कोणते नाव शोभेल, ते वाचकांनीच ठरवावे. मराठीने मात्र गोमेला दोषाचाच अर्थ दिला. 'खरी गोम वेगळीच आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात काहीतरी लपलेले खोट असते. घोड्याच्या अंगावरची केसांची अशुभ रेघ हीसुद्धा गोमच.

जपानी माणसाने तिला वेगळ्या मापाने मोजले. बिवा सरोवराकाठी डोंगराला विळखा घालणाऱ्या राक्षसी गोमेला तावारा तोदा नावाच्या योद्ध्याने बाणाच्या टोकाला थुंकी लावून मारले, ही तिथली लोककथा, आणि तिच्यावर जपानी चित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या चित्रे काढली. पण त्याच देशात ताकेदा शिंगेन या सरदाराचे निरोपे पाठीवर गोमेचे निशाण लावून रणात धावत. कारण काय, तर गोम मागे हटत नाही!

डबीतली गोम

आज याच आकर्षणाने गोम पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन बसली आहे. झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची पेटी, बारीक छिद्रे, तळाशी ओलसर काथ्याचा भुसा, लाकडाची साल, पाण्याची वाटी आणि आठवड्याला एखादे झुरळ. एका पेटीत एकच गोम, कारण दोन ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी एकच उरण्याची शक्यता. तिला हातात घेता येत नाही, ती मालकाला ओळखत नाही, हाक मारली तर येत नाही. दिवसभर ती सालीखाली दडलेली असते. रात्री दिवा लावून पाहावे, तर क्षणभर शेंदरी रेघ सरकते. एवढ्यासाठी माणसे पैसे का मोजतात, असे घरच्यांनी विचारले तर शौकीन निरुत्तर होतात. पण माशांच्या काचपेटीसमोर तास न् तास बसणाऱ्याला तरी दुसरे कोणते उत्तर देता येते?

कुतूहल वाईट नाही. प्रश्न आहे तो पेटीतली गोम आली कुठून याचा. 'आमच्याकडेच पैदास झालेली' असे विक्रेता सांगतो, पण ते तपासायचे कसे? वाघ, हत्ती, कासवे यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत गोमेला जागा नाही. भारतात २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी माणसाला इथली जीवसंपत्ती संशोधनासाठी वा व्यापारासाठी घ्यायची असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करणाऱ्या दोन झेक नागरिकांना अटक झाली, तेव्हा 'किड्यांसाठी अटक?' म्हणून पुष्कळांना हसू आले होते. पण डबीत मावणारा प्राणी सामानातून नेणे किती सोपे असते!

आणि गोम काही उंदरासारखी भराभर वाढत नाही. तिला मोठे व्हायला बराच काळ लागतो आणि ती काही वर्षे जगते. मादी दगडाखाली किंवा कुजक्या लाकडात अंडी घालते आणि त्यांच्याभोवती अंगाचे वेटोळे करून बसते. बुरशी धरू नये म्हणून अंडी चाटून साफ ठेवते. पिल्ले स्वतःच्या पायांवर चालू लागेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, ती बहुधा उपाशीच असते. मात्र या काळात कोणी दगड उलटला, तिला फार त्रास झाला, तर ती अंडी टाकून जाते, कधी स्वतःच खाऊन टाकते. म्हणजे पट्टेदार गोमेच्या शोधात दगड उलटत जाणारा माणूस एक गोम नेतो आणि मागे किती घरटी मोडतो, याचा हिशेब नाही.

हे नुकसान केवढे, ते आता कुठे कळू लागले आहे. जान्हवी जोशी यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना आणि नंतर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतून पश्चिम घाटातल्या मोठ्या गोमांचा अभ्यास केला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे ग्रेगरी एजकोम्ब त्यांच्या जोडीला होते. 'एथमोस्टिग्मस' नावाच्या गटाच्या दक्षिण भारतातल्या शाखा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम घाटात फुटू लागल्या, असे त्यांना आढळले. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते! याच अभ्यासात २०१८ मध्ये एका नव्या जातीचे नाव ठेवले गेले 'सह्याद्रेन्सिस'. या वेळी नाव कुठल्या साहेबाचे नव्हते.

घरात निघाली तर

एवढे सगळे खरे असले, तरी आईला पहिली काळजी मुलाची असणार, आणि ती रास्तच आहे. मोठ्या गोमेचा दंश फार दुखतो. जागा लाल होते, सुजते, ठणका काही तास, कधी दोन-तीन दिवस राहतो. जीव जाण्याचे प्रसंग मात्र जगभरात अगदी विरळा आहेत. जखम साबण-पाण्याने धुवावी, बर्फाने किंवा सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकावी आणि वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून द्यावी. चिरा देणे, चुना किंवा तंबाखू भरणे असले उपाय टाळावेत. लहान मूल असेल, सूज वाढत असेल, धाप लागली, चक्कर आली किंवा अंगावर गांधी उठल्या, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. कानात काही शिरले असे वाटले, तर काडी घालू नये. ते काम कानाच्या डॉक्टरांचे.

गोम घरात येते ती माणसाच्या मागे नव्हे, ओलीच्या मागे. तिच्या अंगातले पाणी चटकन उडून जाते, म्हणून न्हाणीघर, मोरी, ओली पायपुसणी, कुंड्यांचा तळ, लाकडांची रास या तिच्या जागा. मोरीला बारीक जाळी बसवावी, न्हाणीघराच्या दाराखालची फट बंद करावी, पायपुसणे रात्री वाळत घालावे आणि पावसाळ्यात मुलांचे बूट झटकूनच पायात घालू द्यावेत. झुरळे कमी झाली, की तिचे येणेही कमी होते.

तरीही निघालीच, तर मोठा काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा लांबूनच तिच्यावर पालथा घालावा आणि खालून जाड पुठ्ठा हळूच सरकवावा. डबा उलटा न करता पुठ्ठ्यासकट उचलून परसाच्या टोकाला, पालापाचोळ्यात ठेवावा आणि डब्याला काठीने धक्का देऊन बाजूला व्हावे. काच असेल तर त्याआधी मुलांना जवळ बोलावून पट्टे मोजायला सांगायला हरकत नाही.