जिभेला न कळणारी टक्केवारी

शनिवारी मध्यरात्रीनंतर सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'दारू नाही घेतली डॉक्टर, फक्त बिअर घेतली.' बिअर म्हणजे सौम्य पेय, हा समज पूर्वीही अर्धाच खरा होता. क्राफ्ट बिअरच्या जमान्यात तो अंगाशी येऊ लागला आहे.

पुण्यात २००९ साली छोट्या ब्रुअरीची ताजी बिअर मिळू लागली. आज पुण्या-मुंबईत आणि गोव्यात एकाच टेबलावर पाच-सहा प्रकारांचे छोटे ग्लास मांडून ते चाखण्याची हौस वाढते आहे. या हौसेत शास्त्रही आहे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. पण त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. ती यीस्टची करामत. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. आयपीएचा कडवटपणा हॉप्सच्या फुलांमुळे येतो, तर स्टाउटचा कॉफीसारखा स्वाद खरपूस भाजलेल्या बार्लीमुळे.

'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या अमेरिकी संस्थेचे परीक्षक बिअरला ५० पैकी गुण देतात : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. नशेला एकही गुण नाही.

अडचण नेमकी इथेच आहे. रंग, कडवटपणा, दाटपणा यांपैकी कशावरूनही अल्कोहोलचे प्रमाण ओळखता येत नाही. काळीकुट्ट आयरिश स्टाउट बहुधा ४ ते ४.५ टक्क्यांची असते; सोनेरी, हलकी भासणारी बेल्जियन ट्रिपेल ८ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. जीभ फसते, यकृत फसत नाही.

हिशेब सोपा आहे. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या बिअरच्या अर्ध्या लिटरच्या मगात २० ग्रॅम, तर ८ टक्क्यांच्या मगात ३२ ग्रॅम. म्हणजे एक मग, तीन पेग. सरासरी ६ टक्क्यांचे १०० मिलिलिटरचे सहा ग्लास 'नुसते चाखले', तरी २८ ग्रॅम पोटात जातात. प्रौढ माणसाचे यकृत तासाला जेमतेम ७-८ ग्रॅम निकालात काढते. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही वाहनचालकासाठीची कायदेशीर मर्यादा अशा 'चाखण्या'ने सहज ओलांडली जाते.

बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी छापणे सक्तीचे आहे. नळातून ग्लासात येणाऱ्या बिअरला बाटलीच नसते. काही ठिकाणी फळ्यावर टक्केवारी लिहितात, काही ठिकाणी फक्त वासाचे आणि चवीचे वर्णन असते. प्रत्येक मेन्यूवर बिअरच्या नावाशेजारी टक्केवारी आणि ग्लासचे माप ठळक अक्षरांत असलेच पाहिजे. त्यासाठी ना यंत्र लागते, ना मोठा खर्च. बिअरचे परीक्षण लिहिणाऱ्या हौशी मंडळींनीही हा आकडा पहिल्याच ओळीत द्यावा.

अल्कोहोलचे एकही प्रमाण आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गाउट, यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर चाखणेही नको. बाकीच्यांनी चाखायचेच ठरवले, तर पोटात आधी जेवण असावे, ग्लास मोजके असावेत आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती असावी. अपघात विभागात आलेल्या रुग्णाच्या रक्तात बिअर आणि व्हिस्की असा भेद करता येत नाही.