पत्र्याच्या पेटीतले स्वातंत्र्य

अमेरिकेत सध्या एका नव्या संन्यासाची चलती आहे. मोटारीच्या मागे आकड्याने जोडून ओढायची, माल वाहण्यासाठी बनविलेली पत्र्याची बंद पेटी (तिला तेथे कार्गो ट्रेलर म्हणतात) विकत घ्यायची. आत फळ्या ठोकून खाट, शेगडी आणि छोटीशी मोरी बसवायची. छतावर सोलर पॅनेल टाकायचे. आणि वीजबिल, घरभाडे, शेजारीपाजारी या सर्वांना रामराम ठोकून वाळवंटात नाही तर रानात मुक्काम करायचा. या राहणीला ‘ऑफ-ग्रिड’, म्हणजे जाळ्याबाहेरची राहणी, असे नाव आहे. आमच्या धर्मग्रामांतली मुले तिकडे नोकरीस आहेत आणि इकडेही जहाजावरचा जुना कंटेनर आणून त्याचे शेतघर करण्याची हौस दिसू लागली आहे. तेव्हा हा विषय अगदीच परक्या अंगणातला नव्हे.

आमचा वाद त्या पेटीशी नाही. ज्याने स्वतःच्या हातांनी चार भिंती उभ्या केल्या त्याच्याविषयी आम्हांस आदरच आहे. वाद आहे तो त्या पेटीला ‘स्वातंत्र्य’ म्हणण्याशी, आणि त्याहूनही अधिक, घरे नसलेल्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती पुढे करण्याशी.

प्रथम ही वस्तू आहे तरी कशी ते पाहू. सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब, एका आसाचा ट्रेलर घ्या. आतली जागा बहात्तर चौरस फूट. त्याच्यावर मालासह एकूण वजनाची मर्यादा बहुधा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ किलो, अशी लिहिलेली असते. हा चमत्कारिक आकडा का? तर अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. कारखानदार दहा पौंडांनी कायदा चुकवितो. या १,३५६ किलोंतून पेटीचे स्वतःचे पाचएकशे किलो वजा करा. उरलेल्यात लाकूड, खाट, बॅटरी, गॅस, अन्न आणि पाणी. पाणी हलके नसते: वीस गॅलन, म्हणजे पंचाहत्तर लिटर भरले की पंचाहत्तर किलो गेले, आणि रोज दहा लिटरवर भागविले तर एका माणसाला ते आठवडाभर पुरते. वजन रचायचे तेही विचाराने. एकूण भारापैकी दहा ते पंधरा टक्के आकड्यावर यायला हवा; मागची बाजू जड झाली तर धावत्या रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो आणि पुढची मोटारही आवरत नाही.

मग उष्णतेचा आणि ओलीचा प्रश्न. आतल्या प्लायवूडच्या फळ्या काढून लोखंडी फासळ्यांच्या मधोमध फोमचे तक्ते बसवितात, फटी बुजवितात आणि पुन्हा फळ्या ठोकतात. छताला चौदा इंची चौकोनी भोक पाडून पंखा लावतात. हा पंखा चैनीचा नव्हे. एक किलो प्रोपेन गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. तिच्यात माणसाच्या श्वासाची भर पडते आणि थंडीच्या रात्री ही सारी वाफ गार पत्र्याला लागून ठिबकू लागते. फळीमागे बुरशी धरते, ती दिसते फार उशिरा. म्हणून बाहेर बर्फ असतानाही खिडकी किलकिली ठेवावी लागते. शेगडीच्या किंवा हीटरच्या अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. तो ओळखणारे यंत्र भिंतीला नसेल तर झोपेतून उठणे होत नाही.

विजेचे गणितही असेच. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी भरली की तिच्यात सुमारे १,२८० वॉट-अवर वीज मावते. दिवे, फोन, पंखा आणि एक लहानसा फ्रीज तिच्यावर चालतो. लहानात लहान एअर कंडिशनर लावला तर तीन तासांच्या आत ती रिकामी होते. अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात या मंडळींची जत्रा भरते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की सगळी थंड डोंगरांकडे पांगतात. पत्र्याच्या पेटीतला माणूस ऋतूंचा मालक होत नाही, चाकर होतो. मेंढपाळही तसेच हिंडतात. ते त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, पोट म्हणतात.

आता या ‘जाळ्याबाहेर’चा हिशेब मांडू. गॅसची टाकी भरून घ्यायला गावात जावे लागते. कपडे धुवायला नाण्यावर चालणारी धुलाई लागते. पाणी कुणाच्या तरी नळाचे, रस्ता सरकारचा, वेळ घालवायला ग्रंथालय नगरपालिकेचे. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर सर्वसाधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस मुक्काम करता येतो, मग पुढे सरकायचे; म्हणजे ती जमीनही साऱ्या जनतेची. गाडी चालविण्याचा परवाना हवा तर पत्ता हवा, म्हणून दक्षिण डाकोटासारख्या राज्यात टपालाचा पत्ता भाड्याने घेतात. जाळे सुटले ते कुठे? फक्त त्याचे दोर दिसेनासे झाले. कोळीवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको की जाळे अडकवते तसे सावरतेही. आणि माणूस आजारी पडतो तेव्हा त्याला दुसरे काही आठवत नाही.

या पंथाचे मूळपुरुष हेन्री डेव्हिड थोरो. १८४५ साली मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावाजवळ, वॉल्डन तळ्याकाठी त्यांनी दहा फूट बाय पंधरा फुटांची खोपटी बांधली. तिचा खर्च त्यांनी पैपैसह लिहून ठेवला आहे: २८ डॉलर १२½ सेंट. दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादामुळे ‘वॉल्डन’ मराठी वाचकाच्या घरात आले, आणि आम्हीही ते प्रेमाने वाचले आहे. पण त्या हिशेबात दोन गोष्टी आहेत, त्यांकडे भक्तमंडळी पाहत नाहीत. पहिली, जमीन मित्राची होती. राल्फ वॉल्डो इमर्सन यांची. तिचे भाडे खर्चाच्या यादीत नाही. दुसरी अधिक बोचणारी. खोपटीच्या फळ्या आल्या कुठून? जेम्स कॉलिन्स नावाचा एक आयरिश मजूर फिचबर्ग रेल्वेवर कामाला होता; त्याची झोपडी थोरोंनी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. अट अशी की कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती रिकामी करावी. सहा वाजता ते कुटुंब रस्त्यात भेटले. अंथरूण, कॉफीचे जाते, आरसा, कोंबड्या, सारा संसार बरोबर होता. मांजर तेवढे मागे राहिले. ते रानात शिरले आणि पुढे सापळ्यात सापडून मेले. मग थोरोंनी फळ्या तळ्याकाठी नेऊन उन्हात वाळत घातल्या.

हे सारे थोरोंनी स्वतःच लिहिले आहे. लपविलेले नाही, ही त्यांची सचोटी. परंतु शंभर पिढ्यांच्या साधेपणाचे मंदिर म्हणून जिची पूजा होते ती खोपटी एका बिऱ्हाडाच्या भिंती उतरवून उभी राहिली होती. थोरोंचा मुक्काम सव्वादोन वर्षे टिकला, मग ते गावात परतले. कॉलिन्स कुटुंबाचे पुढे काय झाले ते पुस्तक सांगत नाही.

कुणी म्हणेल, जुनी गोष्ट उकरून काय मिळवायचे? मिळवायचे हे की आजही तेच चालले आहे. राहणी तीच, पत्रा तोच. ज्याच्याजवळ परतायला घर आहे त्याच्यासाठी ते व्रत, आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी तो गुन्हा. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले ते म्हातारपणी घर परवडेना म्हणून गाडीत राहणाऱ्या, गोदामांत आणि बिटाच्या हंगामात राबणाऱ्या माणसांविषयी. त्यावरचा क्लोई झाओ यांचा २०२० चा चित्रपट ऑस्कर घेऊन गेला, आणि कित्येकांच्या ध्यानात राहिला तो वाळवंटातला सूर्यास्त.

या माणसांना लहान, स्वस्त, पक्की खोली का मिळत नाही? कारण ती बांधू दिली जात नाही. ओहायोतील युक्लिड या उपनगराच्या खटल्यात १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापराची विभागणी मान्य केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकेकट्या घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. पुढे गावोगाव नियम झाले: प्लॉट इतका मोठा हवा, घर इतक्या चौरस फुटांहून लहान नको. शहरांतून एकेका माणसाला आठवड्याच्या भाड्याने खोली देणारी जुनी हॉटेले होती, ती १९७० नंतर मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. २०१८ च्या आदर्श बांधकाम संहितेत चारशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी परिशिष्ट आले हे खरे. परंतु ते पायावर उभ्या असलेल्या घरांसाठी. चाकांवरचा ट्रेलर कायद्याच्या लेखी वाहनच राहतो.

२०२४ च्या जानेवारीत एका रात्रीची शिरगणती झाली तेव्हा त्या देशात ७,७१,४८० माणसे बेघर होती. त्याच वर्षी २८ जूनला ओरेगनमधील ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की उघड्यावर बिऱ्हाड टाकणाऱ्यास दंड करणे घटनेच्या विरुद्ध नाही, मग निवाऱ्याला जागा असो वा नसो. त्या गावातला दंड होता २९५ डॉलर. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवरील लोकांना हटविण्यास मुभा दिली, पण निदान एवढे मान्य केले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ग्रँट्स पासला तेवढेही पदरात पडले नाही.

आणि २००५ च्या कतरिना वादळानंतर काय घडले तेही स्मरावे. सरकारने बेघरांना हजारो ट्रेलर दिले. स्वस्त प्लायवूडच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडने माणसांचे डोळे चुरचुरू लागले, दमा वाढला. २००८ साली सरकारी तपासणीतच हवेत त्या वायूचे प्रमाण घातक असल्याचे निघाले. तात्पुरते म्हणून दिलेल्या पेटीत लोक वर्षानुवर्षे राहिले होते.

जागा लहान आहे याबद्दल आमची तक्रार नाही, हे पुन्हा सांगतो. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांत तीन पिढ्या वाढल्या. आणि आपल्या समाजाला तर कूड ठाऊक आहे. धोबी तलाव, माझगाव भागांत गोव्याच्या गावागावांचे हे क्लब उभे राहिले. बोटीवर चढण्याची वाट पाहणारा तारवटी तेथे उतरे. भिंतीकडेला त्याची पेटी, तिच्यापुढे चटईपुरती जमीन, आणि महिन्याला अगदी थोडी वर्गणी. हिशेबच करायचा तर ट्रेलरमधल्या माणसाला त्याच्या कितीतरी पट जागा आहे. पण कुडात संध्याकाळी वेदीसमोर रोजरी होई, गावच्या सणाला सगळे जमत, तापाने फणफणलेल्याला पेज मिळे, आणि कुणाचे निधन झाले तर गावाला कळविणारा कुणी असे. ही गरिबी होती, तिला कुणी सुंदर म्हणू नये. मात्र ती एकट्याची नव्हती, आणि मुंबईच्या ऐन मध्यात तिला पत्ता होता.

त्याच समाजाची मुले आज सोसायटीच्या सभेत बसतात आणि एकट्या माणसाला जागा द्यायची नाही, परप्रांतीयाला द्यायची नाही, असे ठराव हात वर करून मंजूर करतात. युक्लिडला जायची गरजच काय? बांडगुळे आम्हीही ओळखायला शिकलो आहोत. आई-वडील दोघेच उरलेले बंगले आमच्या धर्मग्रामांत गल्लोगल्ली आहेत, आणि इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या दूरच्या मुलींना खाटेपुरती जागा मिळत नाही.

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे ‘न्यू बिगिनिंग्ज’ ही संस्था २००४ पासून गाडीत राहणाऱ्यांसाठी रात्रीचे सुरक्षित वाहनतळ चालविते. चर्चची आणि सरकारी कचेऱ्यांची आवारे रात्री रिकामीच असतात, ती उघडायची. नाव नोंदवून गाड्या रात्री आत येतात आणि सकाळी निघून जातात. दरम्यान घर मिळवून देण्याचे प्रयत्न चालू राहतात. हे उत्तर नव्हे. पण तेथे कुणी त्या माणसाच्या हालाला स्वातंत्र्य म्हणत नाही, आणि त्याचे नाव एका वहीत असते.

आमच्या चर्चच्या जुन्या शाळेमागे दोन खोल्या आहेत. सध्या तेथे सणाच्या कमानी, मोडकी बाके आणि गोठ्याचे सामान पडून आहे. पावसाळ्यानंतर त्या रिकाम्या करून रात्रपाळीच्या परिचारिकांना द्याव्यात, असा प्रस्ताव येत्या पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही ठेवीत आहोत. सहा खाटा सहज मावतील. संडास-न्हाणी एकच आहे, दुसरी बांधावी लागेल. तिचा खर्च गवंड्याकडून काढून आणला आहे. किल्ली कुणाकडे राहावी, पाहुण्यांचे काय, उद्या त्या जागा सोडतील की नाही, हे प्रश्न येणारच आणि ते खुशाल यावेत. कमानींसाठी दुसरी जागा कुणाच्या बंगल्यात निघत असेल तर त्यांनी मात्र सभेपूर्वी कळवावे.