विश्लेषण : गाजरगवताचा अर्क भाजीच्या रोपांना मारक का ठरतो?

टोमॅटो, मिरचीचे बी गादीवाफ्यावर टाकले, पाणी वेळेवर दिले, तरी उगवण विरळ झाली की पहिला संशय बियाण्यावर जातो. पण वाफा झाकायला हिरवे गाजरगवत वापरले असेल, तर दोष तिथेही असू शकतो.

नेमके काय घडते?
एका वनस्पतीतून बाहेर पडणारी रसायने दुसरीच्या वाढीवर परिणाम करतात. याला ‘ॲलिलोपथी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ही संज्ञा मांडली. गाजरगवतात पार्थेनिन हे विषारी द्रव्य आणि कॅफिक, फेरुलिक यांसारखी आम्ले असतात. पाला भिजला की ती पाण्यात उतरतात.

हे कसे तपासतात?
वाळलेल्या पानांची भुकटी भिजवून गाळतात. कमी-अधिक तीव्रतेच्या अर्कात आणि साध्या पाण्यात बी रुजवून तुलना करतात. साधारणपणे अर्क जितका दाट, तितकी उगवण कमी. मोठा फटका बसतो कोवळ्या मुळांना, कारण ती थेट अर्कात असतात. अगदी पातळ अर्काने मात्र काही वेळा वाढ थोडी वाढलेलीही दिसते.

शेतातही तसेच होते?
जसेच्या तसे नाही. मातीचे कण ही द्रव्ये धरून ठेवतात, सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. त्यामुळे काचेच्या बशीतला निष्कर्ष थेट शेताला लावता येत नाही. पण उभ्या पिकापेक्षा कोवळे रोप नाजूक असते, म्हणून रोपवाटिकेत जपायला हवे.

महाराष्ट्राचा संबंध काय?
देशात या तणाचा फैलाव १९५५ च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आला. एक झाड हजारो बिया देते. त्याचे परागकण टोमॅटो, मिरची, वांग्याच्या फुलांवर पडल्यास फळधारणा घटते, असेही भारतीय संशोधनात आढळले आहे.

मग करायचे काय?
फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून गवत उपटावे. त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. पाला पूर्ण कुजल्यावरच खत म्हणून वापरावा. शंका असेल, तर घरीच चाचणी करता येते. खत पाण्यात भिजवून गाळा. एका बशीत ते पाणी, दुसऱ्या बशीत साधे पाणी घेऊन ओल्या कागदावर वीस-वीस बिया ठेवा. आठ-दहा दिवसांनी मुळांची लांबी पाहा. पहिल्या बशीतली मुळे आखूड दिसली, तर ते खत अजून कुजायचे आहे.