खेळणी वाटायला निघण्याआधी

डिसेंबर जवळ आला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘एनएसएसचा कॅम्प जव्हार-मोखाड्याला आहे. घरात पडून असलेली जुनी खेळणी आणा, पाड्यावरच्या मुलांना वाटायची आहेत.’ मग जिमखान्यात खोकी भरायला लागतात. चाक निखळलेल्या गाड्या, एक हात नसलेली बाहुली, पिवळं रबरी बदक, कुणाच्या तरी भाचीचे चमचमणारे खोटे दागिने. बस निघते, वाटप होतं, फोटो निघतात, रील पडतं. हेतूबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. शंका आहे ती खोक्यातल्या वस्तूंबद्दल. त्यातल्या काहींमध्ये शिसं आणि कॅडमियम असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ती आपण अशा मुलांच्या हातात ठेवतोय ज्यांच्या शरीरात हे विष सगळ्यात सहज शिरतं.

जरा वयाचं गणित करू. आज जे विशी-बाविशीत आहेत, त्यांची खेळणी साधारण २००५ ते २०१२ या काळात विकत घेतलेली. त्या काळात बाजारात काय होतं? टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेच्या अभ्यासकांनी दिल्ली, मुंबई आणि चेन्नईतून बिनब्रँडची १११ खेळणी विकत घेऊन तपासली. २००७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पीव्हीसीच्या मऊ खेळण्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं होतं, कुठे थोडं, कुठे चांगलंच जास्त. ब्रँडेड घेतलं की सुटलो असंही नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅटेल कंपनीने फिशर-प्राइसची जगभरातली सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली, कारण रंगात शिसं निघालं. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत होते आणि जे हाताला लागेल ते तोंडात घालत होते.

सरकारने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठी बंद केली आणि मार्चमध्ये सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राची अट घालून ती पुन्हा उघडली. देशात बनणाऱ्या खेळण्यांसाठी भारतीय मानक होतं, पण पाळायचं की नाही हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. पुढे २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातून १२१ प्रकारची आयात खेळणी उचलून तपासली, तर त्यातली जवळपास ६७ टक्के नापास. त्यानंतर कुठे २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश आला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. म्हणजे आपल्या माळ्यावरचं जवळजवळ सगळं खेळणं या सक्तीच्या आधीचं आहे.

शिसं खेळण्यात येतं तरी कशाला? स्वस्त पडतं म्हणून. पीव्हीसी तापवताना खराब होऊ नये म्हणून शिशाची संयुगं घालायची जुनी पद्धत आहे. झगझगीत पिवळ्या आणि केशरी रंगासाठी लेड क्रोमेट, लाल-पिवळ्यासाठी कॅडमियमची संयुगं. काळं प्लॅस्टिक बऱ्याचदा जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या भंगारातून पुन्हा वितळवलेलं असतं, त्यातून आणखी काय काय येतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी घरं, पाळणाघरं आणि दानाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतली २०० जुनी प्लॅस्टिकची खेळणी तपासली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पिवळी, लाल आणि काळी खेळणी जास्त घातक निघाली. यातली काही खेळणी म्हणजे तिकडच्या लोकांनी चांगल्या मनाने पुढे दिलेलीच होती!

नव्या मानकात आठ धातूंवर मर्यादा आहेत. मुलाने खेळणं चाटलं-गिळलं तर पोटातल्या आम्लात त्यातून किती धातू सुटेल, याची ती मर्यादा. शिशासाठी ती किलोमागे ९० मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी ७५, पाऱ्यासाठी ६०, आर्सेनिकसाठी २५. आकडे पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवा, की मूल तोंडात घालणार हे मानकानेच गृहीत धरलंय.

आता जव्हार-मोखाड्याकडे येऊ, कारण हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा तिथल्या मुलासाठी वेगळा आहे. या दोन तालुक्यांचं नाव महाराष्ट्राला माहीत झालं तेच कुपोषणामुळे. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त बालकं दगावली, मुख्यमंत्र्यांना तिथे जावं लागलं. २०१६ मध्ये मोखाड्याच्या खोच गावातल्या बालमृत्यूने पुन्हा राज्यभर गाजावाजा झाला. मधल्या काळात अमृत आहार योजना आली, अंगणवाडीत अंडी-केळी आली, बरंच काम झालं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. हा अख्ख्या राज्याचा आकडा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलांचं चित्र याहून बरं असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

ॲनिमिया आणि शिसं यांचा संबंध काय, तर लोह आणि शिसं आतड्यातून रक्तात बऱ्याच अंशी एकाच दाराने जातात. शरीराला लोह कमी पडलं की ते मिळेल तेवढं ओढून घेण्यासाठी ही दारं वाढवली जातात. मग लोह नाही आणि शिसं आहे, तर शिसंच आत जातं. कॅल्शियम कमी असेल, पोट रिकामं असेल तरी तेच. लहान मूल तसंही मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर शिसं रक्तातलं हिमोग्लोबिन बनण्याच्या कामातही अडथळा आणतं. म्हणजे ॲनिमियामुळे शिसं वाढतं आणि शिशामुळे ॲनिमिया. तेच बदक ठाण्याच्या फ्लॅटमधल्या दूध-अंडी खाणाऱ्या मुलाने चघळलं आणि सूर्यमाळच्या पाड्यावरच्या उपाशी मुलाने चघळलं, तर दोघांच्या रक्तात उतरणारं शिसं सारखं नसतं.

आणि हे दिसत नाही. उलटी नाही, ताप नाही. शिसं मेंदूवर काम करतं, लक्ष लागत नाही, शिकलेलं टिकत नाही. शाळेत अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतात. रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे.

हे सगळं शिसं खेळण्यांतून आलं, असं कुणी म्हणू नये. बॅटऱ्या फोडण्याचे उद्योग, जुने रंग, काही ठिकाणी भेसळीची हळद आणि कमी प्रतीची भांडी हे मोठे रस्ते आहेत. पण ते रस्ते बंद करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. खोकं आपल्या हातात आहे. ते आपण स्वतः भरतो आणि स्वतः घाटावर चढवतो.

मग मुलांना खेळायलाच द्यायचं नाही का? द्यायचं, जरूर द्यायचं. पोषण जितकं गरजेचं तितकंच खेळणं, हे कुठलीही अंगणवाडीताई सांगेल. फक्त ‘घरात जे पडलंय ते’ ही यादी बदला. साठ जणांनी शंभर-शंभर रुपये काढले तर सहा हजार होतात (एका पिझ्झा पार्टीचं बिल). त्यात आयएसआय मार्कची मोजकी नवी खेळणी, फुटबॉल, दोऱ्या, चित्रांची पुस्तकं, एखादा कॅरम येतो. मार्कच्या जागी नुसतं चित्र छापलेलं असू शकतं, म्हणून त्याखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, मिनिटाचं काम आहे. लाकडी खेळणं ‘नैसर्गिक’ म्हणून डोळे झाकून घेऊ नका. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. ती असायलाच हवी, नाहीतर छोटे कारागीर संपतील. पण लाकडावर कुठला रंग मारलाय हे विचारायची जबाबदारी मग घेणाऱ्यावर येते. जुन्यातलं काही द्यायचंच असेल तर पुस्तकं द्या, बुद्धिबळ द्या, मोठ्या मुलांसाठी क्रिकेटची बॅट द्या. रंगाचे पोपडे निघालेलं, चिकट झालेलं मऊ प्लॅस्टिक आणि खोटे दागिने खोक्यात नकोतच.

सरकारकडे मागायचं तेही मागूया. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने देशभर छापे घालून सुमारे १८,६०० खेळणी जप्त केली, त्यात हॅम्लेज आणि आर्चीजसारखी मोठी दुकानं होती. छान झालं. पण मार्क नसलेलं खेळणं विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड सांगणारा कायदा एअरपोर्ट आणि मॉलपाशीच का थांबतो? जव्हारच्या आठवडी बाजारात किंवा बोहाड्याच्या जत्रेत चादर अंथरून वीस-तीस रुपयांची खेळणी विकली जातात. तिथे बिल मिळत नाही, म्हणजे तक्रारीचा कागदही नाही. त्या चादरीवाल्याला पकडून उपयोग नाही, तोही गरीबच. माल जिथून ठोकने येतो तिथे हात घालायला हवा. शिवाय वर्षातून दोनदा तरी अंधेरीच्या बीआयएस कार्यालयातून तपासणीचं यंत्र घेऊन कुणी जव्हार-मोखाड्याच्या बाजारात आणि अंगणवाड्यांत यायला काय हरकत आहे? हातात धरायचं एक्स-रे यंत्र मिनिटाभरात शिसं दाखवतं. कॉलेजांनी हे लेखी मागावं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कुणालाही करता येते.

राहिला माळ्यावरचा ढीग. तो कचऱ्यासोबत पेटवू नका, पीव्हीसी जळताना निघणारा धूर खेळण्यापेक्षा वाईट. फुटकं-तुटकं वेगळ्या पिशवीत बांधून पालिकेच्या कचरा गाडीत घातक कचरा म्हणून द्या, बॅटरीवालं ई-कचऱ्यात. आणि कॅम्पच्या मेसेजमध्ये ‘जुनी खेळणी आणा’ ही ओळ टाकण्याआधी त्या गावच्या अंगणवाडीताईंना एक फोन करा, तुम्हाला नक्की काय हवंय म्हणून.