काळी ट्रंक

शाळा सुटल्यावर गेटपाशी एक आई थांबली होती. मुलगा बारावीत. वडील धुळ्यात यंत्रमागावर कामाला, मुलगा शिकायला मामाकडे जळगावात. बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आपा, तुम्हीच समजवा त्याला. फौजेत जायचं म्हणतो. रोज फजरनंतर धावायला जातो. मामीला रात्री चणे भिजवायला लावतो." चण्यांचं सांगताना तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

"बघते," म्हटलं खरं, पण त्याला काय समजवायचं हेच मला कळत नव्हतं. वर्गात हवालदार अब्दुल हमीद यांच्याबद्दल बोलताना माझाच आवाज चढतो. मग त्याच वाटेनं जाऊ म्हणणाऱ्या मुलाला अडवू कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. "का जायचंय?" तो ताठ उभा राहिला. "देशसेवा, मॅडम." उत्तर चुकीचं नव्हतं, पण पाठ केलेलं होतं. हे उत्तर आपल्याला इतरांपेक्षा जरा मोठ्यानं द्यावं लागतं, हे आमच्या मुलांना कुणी न सांगताच कळतं. मी म्हटलं, "आधी बस. ही वक्तृत्व स्पर्धा नाही. घरी चहा पिताना सांगशील तसं सांग."

तेव्हा ट्रंकेची गोष्ट निघाली. धुळ्यात त्यांच्या गल्लीतल्या एका घरचा जावई फौजेत आहे. ईदच्या सुटीत तो आला तेव्हा रिक्षातून त्याची काळी पत्र्याची ट्रंक उतरली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. "एवढ्या मोठ्या अक्षरांत, मॅडम. माझ्या अब्बांचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. शेठच्या वहीतसुद्धा 'चार नंबरवाला' असंच आहे." मग खाली बघत म्हणाला, "आणि पगार वेळेवर येतो."

पगाराचं सांगताना त्यानं मान खाली घातली, याचं मला वाईट वाटलं. पोटासाठी नोकरी शोधणं यात लाजण्यासारखं काय आहे? अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, एका शिंप्याचे मुलगे. स्वतःही शिवणकाम शिकलेले. 1954 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते सैन्यात भरती झाले. आपल्याला त्यांचा 10 सप्टेंबर 1965 चा दिवस पाठ असतो: खेमकरणजवळचं असल उत्तर, जीपवरची तोफ, पॅटन रणगाडे, शहादत, परमवीर चक्र. 1954 मधला भरतीचा दिवस कुणी शिकवत नाही; मीही शिकवला नव्हता. या दोन दिवसांच्या मध्ये जवळजवळ अकरा वर्षांची नोकरी आहे. पलटण, कवायत, 1962 चं युद्ध. रणगाड्यांसमोर जीप नेणारा माणूस त्या वर्षांत घडला. रांगेत उभा होता तो शिंप्याचा मुलगा.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. तिथल्या मुलाला फौजेत का जायचं हे कुणी विचारत नसेल; आजोबा गेले, काका गेले, तो जातो. आपल्या गल्लीत मुलाला काय दिसतं? माग, गॅरेज, केळीची गाडी. भुसावळ-वरणगावच्या आयुध कारखान्यांमुळे फौजेसाठी राबणारी माणसं आपण पाहिली आहेत, पण फौजेत गेलेलं माणूस गल्लीला विरळाच. म्हणून एक ट्रंक पुरते.

आणि मानाची ही भूक खानदेशाला नवी नाही. धरणगाव आपल्याला बालकवींचं गाव म्हणून ठाऊक आहे. तिथंच 1825 मध्ये जेम्स आउटरम या कंपनीच्या अधिकाऱ्यानं भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांच्यावर कंपनीनं फौजा धाडल्या होत्या, त्यांच्यातूनच. तो त्यांच्यासोबत शिकारीला गेला, रानात राहिला, मग थोडे थोडे लोक येत गेले. पुढे ही पलटण मालेगावला गेली, तेव्हा तिथल्या वरच्या जातीच्या शिपायांनी भिल्लांना जवळ बसवलं, सुपारी दिली. या एका गोष्टीचा त्यांच्यावर फार मोठा परिणाम झाल्याचं आउटरमनं लिहून ठेवलं आहे. कंपनीचा यात स्वार्थच होता, भिल्लांवर भिल्लांचाच पहारा बसवायचा होता. ते विसरून चालणार नाही. पण सुपारी घेणाऱ्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला ट्रंकेमुळे थोडं समजलं.

आईला मी हे सगळं सांगितलं नाही. तिचे प्रश्न सरळ होते. "आपल्या पोरांना घेतात का?" म्हटलं, आधी लेखी परीक्षा, मग 1,600 मीटर धावणं; साडेपाच मिनिटांत आला तर पूर्ण गुण. घड्याळाला नाव कळत नाही. "आणि चार वर्षांनी?" इथं मी अडखळले. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर शंभरातले फार तर 25 जण कायम होतात. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये हातात, पेन्शन नाही. बावीस वर्षांचा मुलगा पुन्हा गल्लीत. हे मी मुलालाही स्पष्ट सांगितलं. अट घातली की बारावीचा अभ्यास सोडायचा नाही, कॉलेजचा फॉर्म भरायचा, पोलीस भरतीचीही तयारी ठेवायची. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहेच.

तिसरा प्रश्न तिनं विचारला नाही. नुसती बघत राहिली. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. माझा मुलगा नववीत आहे. उद्या त्यानं ट्रंक मागितली तर? दुसऱ्याच्या मुलाला 'शाबास' म्हणणं सोपं असतं.

शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी त्याचे वडील धुळ्याहून येणार आहेत. त्यांना काय वाटतं, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.