पहारा नव्हे, आधार

दुकानात कॅमेरा बसविताना आपण फारसा विचार करीत नाही. गल्ल्यावर नजर राहावी, माल जागच्या जागी असावा, एवढाच त्याचा हेतू. परंतु तोच कॅमेरा वृद्धनिवासातील वडिलांच्या खोलीत बसवावा आणि आपण मोबाईलवर त्यांना पाहत राहावे, असा आग्रह मुले धरू लागतात, तेव्हा क्षणभर थांबायला हवे. वडील म्हणजे माल नव्हेत.

मुलांची काळजी खोटी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक जगात दुसरा आहे. आणि पडून दगावणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. पडण्याइतकेच घातक असते ते पडून राहणे. हाक कुणाला ऐकू न जाता तासाहून अधिक काळ जमिनीवर गेला, तर हाड शाबूत असूनही स्नायूंना इजा होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

यावर साधी साधने आहेत. मनगटावरचे बटण दाबताच सेविकेच्या खोलीत घंटा वाजते. गादीखालची पट्टी माणूस उठल्याची वर्दी देते. न्हाणीघराच्या वाटेवरचा मंद दिवा चाहूल लागताच उजळतो. यांतील एकही साधन चित्र टिपत नाही. रात्री कुणाचा हात न धरता उठता यावे, ही उतारवयात लहान गोष्ट नसते. ती या साधनांमुळे शक्य होते.

मात्र यंत्र माणसाच्या दिनचर्येशी जुळले पाहिजे. समजा, आईला पहाटे चारला उठून सामायिक करण्याची सवय आहे. ती उठताच घंटा वाजणार. मग ४८ मिनिटे ती एका आसनावर स्थिर बसणार. खोलीत हालचाल टिपणारे यंत्र असेल, तर तेही धोक्याची सूचना देणार. सेविका रोज धावत येऊन दार उघडील. काही दिवसांनी एक तर आईचे सामायिक सुटेल, नाही तर सेविका घंटेकडे दुर्लक्ष करू लागेल. मग ज्या पहाटे आई खरोखर पडेल, त्या पहाटे कोणीही येणार नाही. दोष यंत्राचा नसेल. आईला तिचा दिनक्रम कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून वृद्धनिवास निवडताना यंत्रांची यादी पाहून समाधान मानू नये. बटण पाण्यात भिजले तरी चालते का? वीज गेल्यावर काय होते? रात्री घंटा ऐकायला किती माणसे जागी असतात? टिपलेली माहिती कोणाच्या हाती जाते? हे प्रश्न आपण मालाच्या खरेदीइतक्याच चोखपणे विचारावेत. घंटा वाजल्यावर येणारे माणूस नसेल, तर महागडे यंत्रही व्यर्थ होय.

आणि सर्वांत आधी विचारावे ते त्या खोलीत राहणाऱ्याला. पेढीवर ज्यांच्या होकाराशिवाय एकही सौदा झाला नाही, त्यांच्या खोलीतील खिळासुद्धा त्यांना विचारूनच ठोकावा.