भिंतीवरचे चेहरे कोणाचे?

बोरिवलीच्या आमच्या एका स्नेह्यांनी परवा मुद्दाम घरी बोलावून घेतले. विषय होता त्यांच्या चिरंजीवांचा. मुलगा चित्रकलेचा विद्यार्थी, हात उत्तम. पण रंगवतो ती केवळ पाश्चात्त्य रॉक गायक-वादकांची व्यक्तिचित्रे. जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर कोल्डप्ले आणि त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस. ज्यांना ऐकून आला, त्यांना त्याने कॅनव्हासवर उतरवले. "याला चार शब्द सांगा. आपल्या संगीताचा याला गंधही नाही," वडिलांनी आम्हाला विनविले.

चार शब्द सांगण्याच्या तयारीनेच आम्ही बसलो होतो. पण प्रश्न मुलानेच केला. "काका, दिवाणखान्यात पंडित भीमसेन जोशींची तसबीर आहे. बाबांना विचारा, पंडितजींना गाताना त्यांनी कधी पाहिले का?" स्नेही गप्प झाले. पंडितजी गेले 24 जानेवारी 2011 रोजी. स्नेह्यांचे सारे तारुण्य तोवर मुंबईतच सरले होते. "कॅसेट होत्या ना घरात," एवढेच ते पुटपुटले.

त्या क्षणी आमच्या मनातला आरोपी बदलला.

पाश्चात्त्य संगीताच्या 'आक्रमणा'विषयी आपण तावातावाने बोलतो. वस्तुतः हे आक्रमण काल-परवाचे नाही. धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' 1986 मध्ये सुरू झाला आणि पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. 'आयर्न मेडन'ने 2008 च्या आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभच वांद्रे-कुर्ला संकुलातून केला. त्याआधी 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचून गेला. त्या संकुलाला नाव आहे शहाजीराजांचे! राज्यात तेव्हा युतीचे शासन होते. कार्यक्रमाला करमणूक करातून सूट मिळाली, मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि अडकून पडलेले तीन कोटींहून अधिक रुपये आयोजकांना परत करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2021 मध्ये घेतला. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी हा इतिहास सोयीस्करपणे विसरू नये. मोठ्यांनी मांडव घालायचा आणि आत गेलेल्या मुलांना दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

"कलेला देश नसतो" हे सुभाषित फेकून काही मंडळी या प्रश्नातून अंग काढून घेतात. तेही आम्हाला मान्य नाही. कलेला सीमा नसेल, पण कलावंताला घर असते, घरातली भिंत असते आणि त्या भिंतीवर लहानपणी पाहिलेले चेहरे असतात. ते चेहरे कोणाचे असावेत याची चिंता करणे हा संकुचितपणा नव्हे. मात्र चिंता करणे वेगळे आणि ते चेहरे मुलांपुढे आणणे वेगळे.

व्यक्तिचित्र म्हणजे छायाचित्राची रंगीत नक्कल नव्हे. चित्रकाराने माणूस पाहावा लागतो. भीमसेनजींची तान हातांतून, खांद्यांतून, अवघ्या देहातून कशी उमटत असे, स्वरमंडल छेडताना किशोरीताई आमोणकरांची मुद्रा कशी अंतर्मुख होई, हे समोर बसून पाहिले तरच कुंचल्यात उतरते. बोरिवलीच्या त्या मुलाने गिटारवादकाच्या मनगटाचा ताण अचूक टिपला होता, कारण तो तेथे उभा होता. आपल्या सभागृहांतील हार घातलेल्या तसबिरी निर्जीव का वाटतात, याचे उत्तरही यातच आहे.

रॉकवाल्यांनी चित्रकाराचे मोल ओळखले, हेही मान्य करावे लागेल. 'आयर्न मेडन'चा 'एडी' हा जगभर ओळखला जाणारा भेसूर चेहरा डेरेक रिग्ज या ब्रिटिश चित्रकाराच्या कुंचल्यातून आला. 1967 मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तर चक्क आपल्या विराट पुरुषाचे, विष्णूच्या विश्वरूपाचे छापील चित्र उचलून त्यावर हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे बसविण्यात आले. खुद्द हेंड्रिक्सलाही ते रुचले नव्हते. त्याच्या पूर्वजांत अमेरिकेतील मूलनिवासी होते आणि त्या वारशाचे चित्र त्याला अधिक योग्य वाटले असते. श्रद्धेच्या विषयाची ही उचलेगिरी निषेधार्हच आहे. पण निषेधापाशी आपले काम संपते काय? आपली चित्रपरंपरा परक्यांना आकर्षक वाटली आणि आपल्याला तिचा विसर पडला, याची खंत कोणी करावयाची?

परंपरा तर याच भूमीत आहे. 1857 साली स्थापन झालेले सर ज. जी. कला महाविद्यालय येथेच आहे. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाप्रेस उभारला आणि देवदेवतांची चित्रे सामान्यांच्या घरोघरी पोहोचविली. त्याच रविवर्म्याने देशाच्या विविध प्रांतांतील गायिका-वादिका एकाच चित्रात बसविल्या. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील, गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली बालगंधर्वांची स्त्रीवेषातील व पुरुषवेषातील भव्य तैलचित्रे पाहून आजही पावले थबकतात. आणि आपल्या मुंबईच्या वासुदेव कामतांना पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर महापुरस्कार मिळाला, 2025 मध्ये पद्मश्री घोषित झाली. हात आहेत, विद्या आहे. चित्रकार आणि गायक यांना समोरासमोर बसविणारा समाज तेवढा उणा पडतो आहे.

पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास. उपनगरांत नाट्यगृहांची वाण नाही. येथे मैफल भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिल्या रांगेतील दोन आसने चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य राखून ठेवावीत. या रांगेत मान्यवर बसतात हे आम्ही जाणतो. त्यांतील दोन मान्यवर दुसऱ्या रांगेत बसल्याने संगीताची हानी होणार नाही. गुरुपौर्णिमेच्या उत्सवात गाणाऱ्या गुरूंचे रेखाटन समोर बसून करण्याची संधी मुलांना द्यावी. आणि पालकांनी मुलाला "जा" म्हणण्याऐवजी "चल" म्हणावे.

निघताना आम्ही त्या मुलाला एका प्रभातकालीन मैफलीचे निमंत्रण दिले. "स्केचबुक आणू का?" त्याने विचारले. आम्ही होकार दिला, आणि त्याच्या वडिलांनाही सोबत यावयास सांगितले. त्यांनी दिनदर्शिका पाहिली आणि म्हणाले, "रविवार आहे. जमते का पाहतो."

हे "जमते का पाहतो" जोवर आपल्या घरांतून जात नाही, तोवर मुलांच्या भिंतींकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही.